कव्हरवर एकाचं नाव

रॉक बँडमधल्या गिटारवादकाने स्वतःच्या नावाने अल्बम काढला, की पहिली चर्चा फुटीची होते. ‘बँड मोडला का?’ असा प्रश्न येतो आणि त्याच्या मागोमाग ‘याला एकट्याला मोठं व्हायचंय’ असा शेरा. मग अल्बम ऐकायला मिळतो आणि लक्षात येतं, की ड्रम्सवर तोच जुना पोरगा आहे, बेस त्याच मित्राने धरलाय, दोन गाण्यांत मागून येणारा आवाजही ओळखीचा आहे. माणसं तीच आहेत. बदललंय ते कव्हरवरचं नाव.

सोलापुरात ‘बँड’ म्हटलं की अजूनही आधी वरातीतला बँड आठवतो. पण कॉलेजच्या गॅदरिंगमधून आणि विद्यापीठाच्या युवा महोत्सवातून तयार झालेली गिटार, बेस, ड्रम्सवाली पोरं इथेही आहेत. शिक्षण संपतं तसं त्यातला एक पुण्याला जातो, एक हैदराबादला, तिसरा घरच्या दुकानात बसतो. बँड कागदावर राहतो, तालीम होत नाही. गिटारवाल्याला मात्र गाणी सुचतच असतात. मग गड्ड्याच्या यात्रेला किंवा दिवाळीला सगळे गावात असले, की चार दिवस एकत्र बसून ती गाणी रेकॉर्ड होतात आणि गिटारवाल्याच्या नावाने बाहेर पडतात. रेकॉर्डिंगच्या निमित्ताने अशा पोरांमध्ये माझी ऊठबस असते, त्यामुळे या अल्बमांमधलं चांगलं काय आणि दुखरं काय, दोन्ही जवळून पाहतो.

माझं म्हणणं असं: असा सोलो अल्बम काढण्यात काहीही गैर नाही. बरेचदा तोच प्रामाणिक मार्ग असतो. पण कव्हरवर एकाचं नाव आलं, की बाकीच्यांच्या हक्काचा पायाच बदलतो आणि तो बदल कुणीच बोलून दाखवत नाही. त्यामुळे जुन्या सवंगड्यांना घेऊन केलेल्या सोलो अल्बमला बँडच्या अल्बमपेक्षा जास्त लिखापढी लागते. मैत्री जितकी जुनी, तितकी ही गरज मोठी.

आधी गिटारवाल्याची बाजू मांडतो, कारण त्याच्यावर होणारा गद्दारीचा आरोप मला मुळीच पटत नाही. स्टीव्ह हॅकेट हा जेनेसिस या इंग्लिश बँडचा गिटारवादक. १९७५ मध्ये मुख्य गायक पीटर गॅब्रिएल बँड सोडून गेला आणि सगळंच अधांतरी झालं. त्याच वर्षी हॅकेटचा स्वतःचा पहिला अल्बम आला, ‘व्हॉयेज ऑफ द अ‍ॅकोलाइट’. त्यात ड्रम्सवर फिल कॉलिन्स आणि बेसवर माइक रदरफोर्ड, दोघेही जेनेसिसचेच. कॉलिन्स या अल्बमात गायलाही, आणि पुढच्याच वर्षी तो जेनेसिसचा मुख्य गायक म्हणून उभा राहिला. हॅकेटने १९७७ मध्ये जेनेसिस सोडलं हे खरं. पण त्याचं कारण सोलो अल्बम नव्हता. बँडमध्ये त्याच्या रचनांना पुरेशी जागा मिळत नव्हती, ही त्याची तक्रार होती. बँडच्या एका अल्बमात पाऊण तासाची जागा असते आणि रचना करणारे चौघं असतील, तर कुणाची तरी गाणी वहीतच राहणार. ती वही उघडायला माणसाने बँड मोडण्याची वाट का पाहायची? १९७५ हे वर्षच तसं होतं. येस बँडच्या स्टीव्ह हाऊनेही त्याच वर्षी ‘बिगिनिंग्ज’ हा सोलो अल्बम केला आणि त्यात अ‍ॅलन व्हाइट, बिल ब्रुफर्ड, पॅट्रिक मोराझ हे येसमधलेच आजी-माजी साथीदार वाजवत होते.

मला सगळ्यांत जवळची वाटते ती फिल मॅन्झनेराची गोष्ट. हा रॉक्सी म्युझिक या इंग्लिश बँडचा गिटारवादक. रॉक्सीत येण्याआधी शाळेतल्या मित्रांबरोबर त्याचा ‘क्वाएट सन’ नावाचा बँड होता. त्या बँडला रेकॉर्ड कंपनी मिळाली नाही आणि १९७२ मध्ये तो संपला. पुढे रॉक्सीमुळे नाव झालं आणि मॅन्झनेराला सोलो अल्बमसाठी स्टुडिओ मिळाला. ‘डायमंड हेड’ हा तो अल्बम, पुन्हा १९७५ चाच. त्यात ब्रायन ईनो, अँडी मॅके, पॉल थॉम्पसन, एडी जॉब्सन असे रॉक्सीतले आजी-माजी सहकारी तर आहेतच. पण त्याने आणखी एक गोष्ट केली. आपल्याला मिळालेल्या त्याच स्टुडिओच्या वेळात त्याने क्वाएट सनच्या जुन्या मित्रांना बोलावून घेतलं आणि कधीच बाहेर न आलेला त्यांचा अल्बम रेकॉर्ड केला. ‘मेनस्ट्रीम’ या नावाने तो प्रसिद्ध झाला, क्वाएट सनच्याच नावाने. स्वतःच्या नावाला मिळालेली संधी त्याने जुन्या बँडचं राहिलेलं काम पुरं करायला वापरली. सोलो अल्बम काढणारा प्रत्येक जण स्वार्थी असतो असं म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

आता दुसरी बाजू. जुन्या साथीदारांनाच का बोलावतात? डेव्हिड गिलमोरने २००६ मध्ये ‘ऑन अ‍ॅन आयलंड’ काढला तेव्हा जगातला कुठलाही की-बोर्डवादक त्याच्याकडे आनंदाने आला असता. त्याने रिक राइटला घेतलं. १९६८ मध्ये गिलमोर पिंक फ्लॉइडमध्ये आला तेव्हापासूनची दोघांची सोबत. २००६ च्या दौऱ्यातही राइट त्याच्यासोबत होता, आणि सप्टेंबर २००८ मध्ये राइट गेला. नवा वादक सूर चोख लावेल, पण समोरचा कुठे थांबणार आहे आणि कुठली जागा रिकामी ठेवणार आहे, हे जुन्या माणसाला आधीच कळलेलं असतं. हे तालमीच्या फीमध्ये मोजता येत नाही. नेमकं म्हणूनच ते फुकटात घेतलं जातं. देणाऱ्यालाही आपण काही वेगळं दिलं असं वाटत नाही, घेणाऱ्यालाही घेतल्यासारखं वाटत नाही.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका घराच्या माडीवर असं रेकॉर्डिंग झालं. भिंतींना सोलापुरी चादरी टांगलेल्या, कारण आवाज घुमू नये म्हणून महागडे फोम लावण्यापेक्षा गावात जे जाड कापड आहे तेच उत्तम काम करतं. शेजारी यंत्रमाग. ते चालू असताना माइकमध्ये सगळी खटखट शिरते, म्हणून माग बंद झाल्यावरच ड्रम्सचं काम करायचं. पंख्याचाही आवाज येतो, म्हणून तोही बंद. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे असताना चादरी टांगलेल्या खोलीत पंखा बंद करून वाजवणं काय असतं, ते केलेल्यालाच ठाऊक. गिटारवाल्याने आणलेलं गाणं साधं होतं: ई मायनर, सी, डी आणि परत ई मायनर, दर दोन मात्रांना एक झटका. बेसवाल्याने सुरुवातीला कॉर्डच्या मागे मागे जाऊन पाहिलं, मग थांबला आणि म्हणाला, मी खाली ई सोडतच नाही, तुम्ही वर काय हवं ते बदला. त्याने खालचा तो एकच सूर लावून धरला आणि वरचे सी आणि डी एकदम अस्वस्थ वाटू लागले. गाण्यात नसलेली बेचैनी त्यात आली. गिटारवाल्याने आपले निम्मे झटके काढून टाकले, गाणाऱ्याने दुसऱ्या ओळीची चाल खाली घेतली. अर्ध्या तासात ते गाणं दुसरंच झालं.

पुढे ते प्रसिद्ध झालं तेव्हा संगीत या रकान्यात एकट्या गिटारवाल्याचं नाव होतं. त्याने हे लबाडीने केलं असं मला वाटत नाही. अपलोड करताना फॉर्ममध्ये ‘संगीतकार’ हा रकाना आला, त्याने आपलं नाव टाकलं आणि पुढे गेला. बेसवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, ‘जाऊ दे बे, त्याचंच गाणं आहे.’ त्याच्या आवाजात राग नव्हता, पण पुढच्या रेकॉर्डिंगला तो आला नाही.

बँड आणि सोलो यांतला फरक कायद्याच्या नजरेतून पाहिला, तर हे का घडतं ते उमगतं. द स्मिथ्स हा इंग्लंडमधला चौघांचा बँड १९८७ मध्ये संपला. मॉरिसी आणि जॉनी मार हे दोघं गाणी करायचे, अँडी रूर्क बेस आणि माइक जॉइस ड्रम्स वाजवायचे. रेकॉर्ड आणि कार्यक्रमांच्या कमाईत पहिले दोघं ४०-४० टक्के घेत आणि बाकी दोघांना १०-१० टक्के मिळत. तसा लेखी करार मात्र झालेला नव्हता. रूर्कने १९८९ मध्ये ८३ हजार पौंड आणि पुढचे १० टक्के घेऊन तडजोड केली. जॉइस कोर्टात लढत राहिला आणि १९९६ मध्ये कोर्टाने त्याला २५ टक्के दिले. आधार होता १८९० चा ब्रिटिश भागीदारी कायदा: वेगळं काही ठरलं नसेल, तर भागीदारांचा वाटा समान. गाण्यांच्या रचनेचे पैसे मॉरिसी आणि मारचेच राहिले, त्याबद्दल वाद नव्हताच. पण बँड म्हणून जे कमावलं त्यात गप्प बसलेल्या ड्रमरचाही चौथा हिस्सा निघाला.

आपला १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा हेच सांगतो. कलम १३ प्रमाणे, भागीदारांनी आपसात वेगळं ठरवलं नसेल तर नफा सगळ्यांना सारखा. म्हणजे बँडमध्ये काहीही लिहून ठेवलं नाही, तरी निदान एक आधार उरतो: आपण भागीदार होतो, तेव्हा वाटा समान.

आता तेच चौघं आहेत, तीच खोली आहे, वाजवणंही तेच आहे. एक जण म्हणतो, हा अल्बम माझ्या नावाने. बाकीचे मान डोलावतात. त्या क्षणी भागीदारीचा आधार सुटतो. बँडमध्ये न लिहिण्याचा फायदा ड्रमरला होता, सोलोमध्ये तो सगळा गिटारवाल्याकडे जातो. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा मालक निर्माता असतो, आणि निर्माता म्हणजे ते करण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. अल्बम एकट्याच्या डोक्यातून आला, खोलीचं भाडं त्याने दिलं, मिक्सिंगच्या माणसाचे पैसे त्याने भरले, तर तो निर्माता आहे. मला हे न्याय्य वाटतं. पैसा बुडाला तर त्याचाच बुडणार असतो. कव्हरवर त्याचं नाव असण्याचं समर्थन मी याच कारणासाठी करतो.

पण तोच कायदा एवढ्यावर थांबत नाही, आणि हे आपल्याकडच्या पोरांपर्यंत पोचलेलं नाही. २०१२ ची दुरुस्ती आठवते ती जावेद अख्तर यांच्या राज्यसभेतल्या भाषणामुळे आणि गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीमुळे. त्याच दुरुस्तीने वादकांनाही दोन गोष्टी दिल्या. व्यावसायिक वापरासाठी सादरीकरण झालं असेल तर सादर करणाऱ्याला रॉयल्टीचा हक्क आहे, हे कलम ३८अ मध्ये आलं. आणि कलम ३८ब मध्ये आलं, की हे मी वाजवलंय असं सांगण्याचा, आपलं नाव लावून घेण्याचा त्याला हक्क आहे. म्हणजे नाव टाकणं ही गिटारवाल्याची मेहेरबानी नाही. सादरीकरणाचे हे हक्क ५० वर्षं टिकतात. ते दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. ‘तेव्हा तो हो म्हणाला होता’ एवढ्याने भागत नाही. गायकांसाठी २०१३ मध्ये उभ्या राहिलेल्या हक्कसंस्थेच्या नावातही पुढे वादक आले, ते काही उगाच नाही. अमेरिकेत डिजिटल रेडिओच्या रॉयल्टीची विभागणी कायद्यानेच ठरलेली आहे: ५० टक्के ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला आणि ५ टक्के मागे वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांसाठी बाजूला. पाच टक्के थोडे आहेत, पण कुणाच्या मर्जीवर अवलंबून नाहीत.

बेसवाल्याच्या त्या ई चं काय? इथे वाजवणं आणि रचना करणं यांत फरक करायला हवा, आणि तो न करता ‘सगळ्यांना समान द्या’ म्हणणाऱ्यांशीही माझा मतभेद आहे. क्वीनने १९८९ च्या अल्बमपासून सगळी गाणी चौघांच्या नावावर लावली, आर.ई.एम. ने सुरुवातीपासून तेच केलं, आणि बँडसाठी ती उत्तम रीत आहे. सोलो अल्बमला ती लावणं मला बरोबर वाटत नाही. गिटारवाल्याने रचलेल्या गाण्यावर कुणी चोख, सरळ ठेका धरला, तर ते उत्तम वादन आहे, त्याचं नाव आणि वादकाचा वाटा पक्का हवा. पण ती रचना नव्हे. उलट, एखादी जागा काढून घेतली तर गाणं तेच राहत नसेल, तर ती जागा शोधणारा रचनाकारच आहे. आपल्या कायद्यात संगीतकार म्हणजे संगीत रचणारा, मग त्याने ते लिहून काढलेलं असो वा नसो. नोटेशन येत नाही म्हणून बेसवाल्याचा हक्क कमी होत नाही. आणि दोघांचा हात वेगळा काढता येणार नाही असा मिसळला असेल, तर संयुक्त रचनेची तरतूद आहेच.

हे वाद किती वर्षांनी उकरून निघतात ते पाहा. प्रोकोल हारम या बँडचं ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’ हे गाणं १९६७ चं. त्याची ओळख म्हणजे सुरुवातीचा ऑर्गन, आणि तो मॅथ्यू फिशरचा. रचनेत त्याचं नाव नव्हतं. २००५ मध्ये त्याने दावा लावला, आणि खालीवर होत होत २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, संगीताच्या हक्कात त्याचा ४० टक्के वाटा कायम केला. पण तो दाव्याच्या वेळेपासून पुढचा. त्याआधीच्या ३८ वर्षांचं उत्पन्न गेलं ते गेलंच. एका बैठकीत, एका कागदावर, दोन ओळींत मिटणारी गोष्ट.

‘आपल्यात कागद कशाला?’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की त्यामागचा भाव मला कळतो. लिहून मागणारा म्हणजे विश्वास नसलेला, असं आपल्याला वाटतं. पण याच गावात दोन सख्ख्या मित्रांनी भागीदारीत चादरीचं दुकान काढलं तर ते आधी वकिलाकडे जातात, स्टॅम्पपेपर आणतात, कोणाचा किती टक्का ते लिहितात आणि मग एकत्र जेवायला जातात. त्यात कुणाला मैत्रीचा अपमान दिसत नाही. गाण्याच्या बाबतीतच तो दिसावा, याचं कारण मला असं वाटतं, की आपण अजून गाणं करणं हे काम मानलेलंच नाही. हौस मानतो. हौसेचा हिशेब मागणारा हलका ठरतो, आणि त्या लाजेपायी पोरं वर्षानुवर्षं गप्प राहतात.

‘पैसे आहेतच कुठे?’ हा आक्षेप जास्त खरा आहे. सोलापुरातल्या बँडच्या गाण्याला इंटरनेटवरून जे मिळतं त्यात तालमीचा चहाही निघत नाही. मग कशाचे वाटे पाडायचे? पण गाण्याचं आयुष्य पहिल्या वर्षात संपत नाही. मॅन्झनेराचंच घ्या. १९७८ मध्ये त्याने ‘के-स्कोप’ हा आणखी एक सोलो अल्बम काढला. २०११ मध्ये जे-झी आणि कान्ये वेस्ट या अमेरिकन रॅपर्सनी त्यातला गिटारचा एक छोटा तुकडा आपल्या गाण्यात वापरला. मॅन्झनेराने नंतर सांगितलं, की रॉक्सी म्युझिकमध्ये पन्नास वर्षांत मिळाले नाहीत इतके पैसे त्या एका तुकड्याने दिले. तेहतीस वर्षांनी असं काही घडेल हे १९७८ मध्ये कोण सांगणार होतं? एखाद्या सोलापुरी पोराचं गाणं उद्या सिनेमात, जाहिरातीत, मालिकेत गेलं, तर त्या दिवशी वाटा ठरवायला बसणं म्हणजे भांडायला बसणं. पैसे नसताना ठरवणं सगळ्यांत सोपं असतं, कारण तेव्हा कुणाचंच काही जात नाही.

आणि नाव तर पैशाचं पाहत नाही. शाहिरीत नाव राहतं ते शाहिराचं. राम जोशी सोलापूरचे, त्यांचं नाव दोनशे वर्षांनंतरही मराठी माणसाच्या तोंडी आहे. मागे झील धरणारे आणि डफ-तुणतुणं वाजवणारे काळाच्या पोटात गेले. त्या काळी नोंद ठेवायची सोय नव्हती, हे समजून घेता येतं. आज सोय आहे. आकाशवाणीची शिस्त मला या बाबतीत आदर्श वाटते. सोलापूर केंद्रावर गायन लागलं, की गायकाबरोबर तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, हे निवेदक सांगतो. ज्याचं नाव उच्चारलं गेलं त्याच्या घरी रेडिओभोवती लोक बसलेले असतात. कॅसेटच्या आतल्या घडीच्या कागदावरही बारीक अक्षरात का होईना, वादकांची यादी असायची. आता मोबाइलच्या अ‍ॅपवर गाणं वाजताना एकच नाव दिसतं, बाकीची नावं बघायला तीन ठिपके दाबून आत जावं लागतं, आणि आतही तीच दिसतात जी अपलोड करणाऱ्याने भरली असतील. गावातले कार्यक्रम याहून पुढे नाहीत. हुतात्मा स्मृती मंदिराबाहेर लागणाऱ्या फलकांवर मोठ्या अक्षरात एक नाव आणि खाली ‘व सहकारी’ हे वर्षानुवर्षं चालत आलंय. ज्यांनी महिनाभर तालमी केल्या त्या माणसांना ‘व सहकारी’ म्हणून गुंडाळून टाकणं मला खटकतं. फलकावर जागा नसते ही सबब टिकत नाही. प्रायोजकांच्या नावांना ती जागा सापडतेच.

गिटारवाल्यांकडून मला याहून एक जास्त अपेक्षा आहे. अंतिम शब्द त्यांचाच असावा. मिक्सिंगला पाच जणांनी बसून पाच मतं द्यायची, मग कुणाचाच अल्बम होत नाही. सोलोचा अर्थच असा, की चुकलं तर एकाने म्हणायचं, माझं चुकलं. पण ही जबाबदारी घेतो म्हणून कव्हर ज्याचं, त्यानेच कागद पुढे करायला हवा. मागणाऱ्याला लाज वाटते, देणाऱ्याला वाटायचं कारण नाही. रेकॉर्डिंग सुरू होण्याआधी त्याने स्वतः म्हणावं, की बसा, आधी हे लिहून घेऊ. सगळ्यांत सोपं त्यालाच जाईल आणि सगळ्यांत मोठा फायदाही त्यालाच होईल, कारण ज्याचा वाटा लिहिलेला आहे तो वादक आपली नवी जागा हातचं न राखता देतो.

सोलापुरात हे लगेच सुरू करता येण्यासारखं आहे. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात आणि कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये बँड नोंदवताना प्रत्येक वादकाचं नाव, वाद्य आणि सादर होणाऱ्या स्वतःच्या गाण्यांचे रचनाकार हे अर्जातच भरून घ्यावेत, आणि सूत्रसंचालकाने ते मंचावरून वाचावेत. तिथे सवय लागली की पुढे सांगावं लागत नाही. सभागृहात कार्यक्रम करणाऱ्या संस्थांनी ‘व सहकारी’ सोडून नावं छापावीत. आणि दयानंद विधी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे, की या पोरांसाठी एक पानाचा करारनामा तयार करून द्यावा. त्यात फार काही नको: कोणी काय वाजवलं, कोणत्या गाण्याच्या रचनेत कोणाचा किती टक्का, ध्वनिमुद्रणाच्या उत्पन्नातून खर्च वजा जाता वादकांचा वाटा किती, आणि गाणं सिनेमा-जाहिरातीला द्यायचं झालं तर कुणाला विचारायचं. वाजवणारा हयात नसेल तर त्याचा वाटा कुणाकडे जाईल, ही ओळही त्यात असावी, कारण पन्नास वर्षांचा हक्क म्हणजे तो घरच्यांपर्यंत जाणार. भाषा साधी मराठी असावी, आणि सोबत तेलुगू, कन्नड आणि उर्दूतला मसुदाही, म्हणजे सही करण्याआधी पोरगं तो कागद घरी नेऊन आईवडिलांना वाचून दाखवू शकेल.